ग्रेट ओशन रोड भाड्याच्या गाडीने: एका दिवसात का नको, आणि दोन मुक्कामांत कसा

प्रश्न थोडक्यात असा. कासारवडवलीचं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत मेलबर्नला नातेवाइकांकडे जाणार आहे. नवरा-बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला आलेले सासू-सासरे. त्यातला एक दिवस गाडी भाड्याने घेऊन ग्रेट ओशन रोड करून यायचा विचार आहे. ताईंनी विचारलंय: 'मिस्टर रोज घोडबंदर ते ऐरोली गाडी चालवतात, त्यामुळे ड्रायव्हिंगची भीती नाही. सकाळी सहाला निघून रात्री नऊपर्यंत परत येता येईल ना? लायसन्स आपलं चालतं का? इन्शुरन्सचे इतके प्रकार का असतात, सगळ्यात स्वस्त घेतला तर? आणि आईबाबा शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय?'

ठाण्यात बसून लोकांच्या सेल्फ-ड्राइव्ह सहली आखून देणं हा माझा धंदा आहे, आणि हा रस्ता मी स्वतः चालवलेला आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. एका दिवसात येता येईल. तरी जाऊ नका.

हिशेब बघा. मेलबर्नहून टॉर्की साधारण १०० किलोमीटर, दीड तास धरा. टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. तिथून अपोलो बे नव्वदेक किलोमीटर, पण वळणं इतकी की कुठेही न थांबता पावणेदोन-दोन तास जातात. अपोलो बे ते ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले ते प्रसिद्ध सुळके, आणखी सव्वा-दीड तास. परतीला आतल्या हायवेने कोलॅक-जिलाँगवरून तीन तास. नुसतं स्टिअरिंग धरून बसायचे आठ तास झाले. यात चहा नाही, मुलाची शू नाही, आईंचे पाय मोकळे करणं नाही, एकही फोटो नाही. रात्र थोडी सोंगं फार अशी गत होते. जे लोक असं करून येतात त्यांच्या फोनमध्ये सुळक्यांचे फोटो असतात खरे, पण भर दुपारचे, मेलबर्नहून आलेल्या टुरिस्ट बसच्या गर्दीतले. रस्त्याविषयी विचारलं तर 'वळणं खूप होती' यापलीकडे काही आठवत नाही.

आणि इथे बघायचा तो रस्ताच आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी आणि सुरुंग लावून तो खणला, युद्धात न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. टॉर्की ते ॲलनस्फर्ड, २४३ किलोमीटर. ईस्टर्न व्ह्यू नावाच्या ठिकाणी रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिथे सगळे थांबतात. थांबा, पण फोटोसाठी भर रस्त्यात उभं राहू नका. बाजूला पार्किंग आहे.

माझा सल्ला दोन मुक्कामांचा आहे: पहिला अपोलो बे, दुसरा सुळक्यांच्या थोडं पुढचं पोर्ट कॅम्बेल. आखणी करताना किलोमीटरपेक्षा उजेडाचे तास मोजा. नोव्हेंबरात तिथे वसंत असतो आणि घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे सूर्य आठनंतर मावळतो. म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. हेच जूनमध्ये, आपल्याकडच्या शाळा सुरू होण्याआधी म्हणून जाणाऱ्यांना संध्याकाळी सव्वापाचलाच अंधार गाठतो, त्यांना मी तीन मुक्काम सांगतो.

उजेडावर इतका भर देण्याचं कारण कांगारू. दिवसा ते झाडाखाली पडून असतात. सूर्य कलला की चरायला बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला असतात. अंधारात हेडलाइटच्या झोतात आला की तो कुठे उडी मारेल याचा नेम नाही. पूर्ण वाढलेला कांगारू धडकला तर बॉनेट, रेडिएटर दोन्ही कामातून जातात. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचं नाही. आपल्याकडे कुत्रा आडवा आला की हात आपोआप वळतो, त्या सवयीने तिथे गाडी झाडावर नाहीतर समोरच्या ट्रकवर जाते. घोडबंदरला रात्री बाराला चालवणाऱ्या माणसाला अंधाराची भीती नसते हे मला मान्य आहे. पण तिथे आजूबाजूला दिवे असतात. अपोलो बेच्या पुढे लागणाऱ्या लेव्हर्स हिलच्या जंगलात एकही दिवा नाही, आणि फोनला रेंज असेलच असं नाही. म्हणून नियम एकच ठेवा: सूर्यास्ताच्या वेळी तुमची गाडी मुक्कामापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असली पाहिजे.

आता दिशा. पूर्वेकडून पश्चिमेकडेच जा, म्हणजे टॉर्कीहून पोर्ट कॅम्बेलकडे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो, मध्ये समोरून येणारी लेन नाही, आणि बघण्यासाठी केलेले बहुतेक थांबे डावीकडेच येतात. इंडिकेटर दिला, आत शिरलात. उलट दिशेने आलात तर प्रत्येक थांब्यासाठी वळणावर समोरची वाहतूक कापून उजवीकडे जावं लागतं. नवख्या माणसाचे अपघात नेमके अशा ठिकाणी होतात. परतीला हा रस्ता पुन्हा धरायचाच नाही, आतल्या प्रिन्सेस हायवेने यायचं.

लॉर्न ते अपोलो बे हा पंचेचाळीस किलोमीटरचा तुकडा या सगळ्याचा जीव आहे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेला चढ संपून समुद्र एकदम अंगावर येतो, तसं इथे तासभर सलग चालतं. उजवीकडे कापलेला डोंगर, डावीकडे कठडा आणि त्याखाली फेस. वेगमर्यादा पाटीवर जास्त दिसली तरी वळणावर पिवळ्या पाटीवर सुचवलेला वेग लिहिलेला असतो, तो खरा माना. स्थानिक लोक हा रस्ता रोज चालवतात आणि तुमच्या मागे येऊन चिकटतात. हॉर्न देणार नाहीत, दिवे मारणार नाहीत, नुसते मागे राहतील. हळू गाड्यांना बाजूला होण्यासाठी ठरावीक अंतराने जागा केलेल्या आहेत, त्यांच्या पाट्या आधीच लागतात. मागे दोन-तीन गाड्या साचल्या की त्या जागेत शिरा, त्यांना जाऊ द्या, आणि मग पुन्हा आपल्या चालीने निघा. यात कमीपणा काही नाही. चालकावरचं दडपण जातं आणि मागच्या सीटवरच्यांना उलटी होत नाही.

एक गोष्ट इथली खास. रस्त्यावर जागोजागी 'डावीकडून चालवा' अशा पाट्या आणि बाण रंगवलेले दिसतील. ते आपल्यासाठी नाहीत, उजवीकडून चालवणाऱ्या देशांतून आलेल्या पाहुण्यांसाठी आहेत. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की आंधळ्या वळणावर समोरून कुणीतरी तुमच्या लेनमध्ये येऊ शकतो. म्हणून वळणावर मधल्या रेषेपासून जरा आत राहा, विशेषतः थांब्यातून नुकतीच बाहेर पडलेली गाडी दिसली तर.

मिस्टरांच्या रोजच्या सरावाबद्दल. क्लच-गिअर नसेल, भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. जपानी-कोरियन गाडी मिळाली तर इंडिकेटरची दांडी आपल्यासारखीच उजवीकडे असते. हात चालवायला काहीच अडचण नाही. अडचण येते ती सवयींची. स्टॉपच्या पाटीवर चाक पूर्ण थांबलं पाहिजे, मग रस्ता मोकळा का असेना. गोल चौकात आधीच फिरत असलेल्या गाडीला वाट द्यायची, ती तुमच्या उजवीकडून येते. तिथे नाक घुसवायचं नाही. लाल सिग्नलला डावीकडे वळायला वेगळी पाटी असल्याशिवाय मुभा नाही. आणि दिवे मारले तर समोरचा त्याचा अर्थ 'तू जा' असा घेण्याची शक्यता जास्त, आपल्याकडे नेमकं उलट. वेगाचे कॅमेरे स्थिर असतात, गाडीत लपवलेले असतात, आणि दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारेही असतात. ताशी दहा किलोमीटरच्या आतच ओलांडलं तरी त्यालाही दंडाची पायरी आहे. फोन हातात धरायचा नाही, सिग्नलला उभं असतानाही नाही. हातातला फोन आणि न लावलेला पट्टा टिपणारे कॅमेरे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, बसवलेले आहेत. मागच्या सीटवर आईबाबांनीही पट्टा लावायचा, 'मागे कशाला' हा वाद घरीच मिटवून निघा.

मुलासाठी बूस्टर सीट लागेलच. व्हिक्टोरियात सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त सीटशिवाय बसवता येत नाही. इथून नेलेली सीट तिथल्या मानकात बसत नाही, म्हणून गाडीबरोबरच भाड्याने घ्या किंवा नातेवाइकांच्या ओळखीत कुणाकडे असेल तर मागून घ्या. बुकिंग करताना सांगा, काउंटरवर ऐन वेळी मिळेल याची खात्री नसते.

लायसन्स. महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड इंग्रजीत आहे, आणि व्हिक्टोरियात पर्यटक म्हणून आलेल्याला इंग्रजी लायसन्सवर गाडी चालवता येते. तरीही आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या. परिवहनच्या सारथी पोर्टलवर ठाणे आरटीओसाठी अर्ज करायचा, फी हजार रुपये, मुदत एक वर्षाची. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जवळ ठेवा. कायद्याला ते लागो न लागो, काउंटरवरच्या माणसाने मागितलं आणि नसलं तर तिथे वाद घालण्यात अर्धा दिवस जातो. मूळ प्लास्टिकचं कार्ड खिशात हवंच. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिथे दाखवून घोडं पेंड खाल्लेलं मी पाहिलंय.

त्याहून जास्त घोळ क्रेडिट कार्डाचा होतो. गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, घेतलं तर जास्त रक्कम अडकवतात. गाडी देताना ते कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम रोखून ठेवतात. ती खर्च होत नाही, पण तुमच्या मर्यादेतून तेवढी कमी होते आणि गाडी परत केल्यावर मोकळी व्हायला काही दिवस लागतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करा, मर्यादा वाढवून घ्या. बायकोच्या कार्डावर बुकिंग आणि नवऱ्याच्या नावाने गाडी, असा मामला काउंटरवर फसतो.

आता इन्शुरन्स, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत. प्रकार जास्त वाटतात, पण मुद्दा एकच आहे. भाड्यात मूळ विमा धरलेलाच असतो. प्रश्न इतकाच की नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार. तिला ते 'एक्सेस' म्हणतात. सगळ्यात स्वस्त भाड्यात ही रक्कम चार-पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर असू शकते, म्हणजे आपले अडीच लाखांच्या पुढे-मागे. दारावर चरा पडला तरी ती लागू, चूक कुणाची का असेना. रोजचे काही डॉलर जास्त भरून ती रक्कम काही शेवर आणता येते. वेगवेगळ्या नावांची पॅकेजेस म्हणजे याच एका पट्टीवरचे वेगवेगळे आकडे.

माझं मत विचाराल तर पाच जणांच्या कुटुंबाने, पहिल्यांदाच परदेशात चालवताना, एक्सेस कमी करून घ्यावा. तीन दिवसांच्या भाड्यात त्याने जो फरक पडतो तो तुमच्या विमान तिकिटांपुढे काहीच नाही. पण तो कुणाकडून घेता याला महत्त्व आहे. भाडं तुलना करून दाखवणाऱ्या वेबसाइट 'फुल प्रोटेक्शन' म्हणून जे विकतात, ते गाडी देणारी कंपनी मानत नाही. नुकसान झालं की कंपनी तुमच्या कार्डावरून पूर्ण रक्कम घेते, आणि मग तुम्ही कागद गोळा करून वेबसाइटवाल्या विमाकंपनीकडून ती परत मागायची. पैसे मिळतात, पण वेळ लागतो, आणि तोपर्यंत अडीच लाख अडकलेले. काउंटरवरचं पॅकेज महाग असतं, पण तिथल्या तिथे मिटतं. ज्याच्या कार्डाची मर्यादा मोठी आहे आणि कागदपत्रांचा कंटाळा नाही त्याने बाहेरचं घ्यावं. बाकीच्यांनी काउंटरवरचं.

दोन्हींत कुठल्या गोष्टी विम्याबाहेर आहेत त्या ओळी शोधून वाचा: काच, टायर, छत, गाडीचा तळ, चुकीचं इंधन, प्राण्याची धडक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चा रस्ता. डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी नेली तर बऱ्याच करारांत विमा लागूच राहत नाही. ग्रेट ओशन रोड पूर्ण डांबरी आहे. पण मागे ऑटवेचं जंगल आहे, त्यात खडीचे रस्ते आहेत, आणि नकाशाचं ॲप चार मिनिटं वाचवायला खुशाल तुम्हाला त्यात घालतं. ॲपने अनोळखी फाट्यावर वळायला सांगितलं आणि समोर डांबर संपताना दिसलं तर मागे फिरा.

गाडी ताब्यात घेताना घाई करायची नाही. काउंटरवरचा माणूस किल्ली देऊन मोकळा होतो आणि गाडी पार्किंगमध्ये कुठेतरी उभी असते. फोनवर व्हिडिओ लावा आणि गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. पुढचा बंपर वाकून खालून घ्या, तिथे फुटपाथला घासल्याच्या खुणा असतात आणि वरून दिसत नाहीत. चारही चाकांच्या रिम जवळून. पुढची काच आतून-बाहेरून, कारण खडा लागून पडलेला तांदळाएवढा टवका उन्हातच दिसतो. छत हात उंच करून. शेवटी डॅशबोर्ड, म्हणजे किलोमीटर, इंधनाचा काटा आणि वेळ एकाच चौकटीत येते. त्यांच्या कागदावर नसलेला एकही चरा दिसला तर गाडी हलवण्याआधी परत जाऊन लिहून घ्या. ते कुरकुर करत नाहीत, रोजचंच आहे. परत करताना हीच फेरी पुन्हा, विशेषतः ऑफिस बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकायची असेल तर.

गाडी मेलबर्न शहरातून उचलू नका. तिथे ट्राम आहेत. ट्राम थांबून दरवाजे उघडले की मागच्या गाडीने थांबायचं असतं, आणि शहराच्या मध्यभागी काही चौकांत उजवीकडे वळण्यासाठी आधी सगळ्यात डावीकडे जाऊन थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी ही कसरत कशाला? नातेवाइकांना सांगा, टलामरीन विमानतळावर सोडा. तिथून गाडी घेऊन वेस्टर्न रिंग रोड धरला की टोल नाही, शहर नाही, सरळ जिलाँगच्या हायवेला लागता. विमानतळाहून शहराकडे जाणाऱ्या सिटीलिंकला मात्र टोल आहे. तिथे नाके नाहीत, पैसे द्यायला कुठे थांबायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि भाडेकंपनी टोलाबरोबर आपली सेवाफी लावून कार्डावर टाकते. आणि भारतातून उतरल्याच्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. रात्रीचा प्रवास, साडेपाच तासांचा फरक. डोळे उघडे असतात, माणूस झोपलेला असतो.

आता प्रत्यक्ष तीन दिवस. पहिल्या दिवशी ऑफिसची गर्दी ओसरल्यावर दहाला निघा. टॉर्कीत सुपरमार्केट आहे, तिथे दूध, ब्रेड, भाजी, दही भरून घ्या. पुढे दुकानं लहान होत जातात. बेल्स बीचवर सर्फिंग वरून बघा. एअरीज इनलेटचा पांढरा दीपस्तंभ, मग कमान, लॉर्नला जेवण. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतात. वीसेक तास झोपणारा प्राणी, त्यामुळे झाडाच्या बेचक्यात राखाडी गाठोडं शोधायचं. मुलाला हे काम द्या, तो मोठ्यांच्या आधी शोधतो. संध्याकाळी अपोलो बे.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी अपोलो बेलाच टाकी भरा. पंपावर कुणी येत नाही, स्वतः भरायचं आणि आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. फलकावरचा भाव सेंटमध्ये असतो, बघून दचकू नका. ऑफलाइन नकाशा इथेच उतरवून घ्या. इथून पुढे अनेकांची निराशा होते, कारण 'ओशन रोड' म्हणून निघालेला रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरतो आणि बराचसा आतूनच जाऊन प्रिन्सटाउनजवळ पुन्हा पाण्याकडे येतो. निराश होऊ नका, हे जंगल सुंदर आहे. माइट्स रेस्टला लाकडी फळ्यांची सोपी वाट आहे, अर्ध्या तासाची, पुरुषभर उंच नेच्यांमधून. आईबाबांना जमेल. केप ऑटवेचा दीपस्तंभ १८४८ चा आहे, पण त्यासाठी मुख्य रस्ता सोडून बारा किलोमीटर आत जावं लागतं. वेळ आणि मुलाचा मूड बघून ठरवा.

दुपारी सुळक्यांपाशी थांबू नका, सरळ पुढे पोर्ट कॅम्बेलला जा, खोली घ्या, सगळ्यांना झोपू द्या. सहा-साडेसहाला बारा किलोमीटर मागे या. तोपर्यंत बसेस गेलेल्या असतात. पार्किंगमधून रस्त्याखालच्या बोगद्यातून वाट जाते, चढउतार फार नाही. वारा थेट दक्षिण महासागरावरून येतो, नोव्हेंबरातही कानटोपी लागते. नाव बारांचं असलं तरी सुळके बारा कधीच नव्हते, आणि त्यातला एक, पन्नास मीटर उंचीचा, जुलै २००५ मध्ये कोसळला. हा चुनखडक आहे. लाटा पायथा कोरतात, आधी गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की मागे सुळका उरतो, आणि एक दिवस तोही जातो. उन्ह तिरपं झालं की खडकातले आडवे थर एकेक करून दिसायला लागतात. सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं आणखी थांबा. खालच्या वाळूत छोटे पेंग्विन पाण्यातून घोळक्याने वर येतात, वरून ठिपक्यांएवढे दिसतात. मग सावकाश बारा किलोमीटर. रात्रीचं चालवणं इतकंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॉक आर्ड गॉर्ज. १ जून १८७८ ला या नावाचं जहाज इथे फुटलं, चोपन्न जणांपैकी दोघं वाचले, टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकेल. ज्या खाडीत ते किनाऱ्याला लागले तिथे पायऱ्यांनी उतरता येतं. मग लंडन ब्रिज. ती दुहेरी कमान होती, १५ जानेवारी १९९० ला जमिनीकडची बाजू कोसळली आणि टोकाला गेलेले दोन पर्यटक अडकले, हेलिकॉप्टरने आणावं लागलं. कड्याच्या कुंपणापलीकडे का जायचं नाही हे मुलाला सांगायला ही गोष्ट कामाला येते. गिब्सन स्टेप्सला ८६ पायऱ्या आहेत, तुम्ही दोघं आळीपाळीने उतरा, आईबाबांना वर गाडीत बसवा. वॉर्नमबूलपर्यंत पुढे जायचा मोह टाळा. तिथले देवमासे जून ते सप्टेंबरचे, तुमच्या वेळी ते नसतात. जेवून कोलॅकमार्गे निघालात तर संध्याकाळच्या चहाला मेलबर्न.

जेवण. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं केबिन घ्या, हॉलिडे पार्कमध्ये मिळतात. छोट्या गावांत हॉटेलची किचन रात्री आठ-साडेआठला बंद होतात आणि शाकाहारी म्हणजे बटाट्याचे चिप्स नाहीतर चीज पिझ्झा. केबिनमध्ये कुकर नसतो, पण पातेल्यात खिचडी होते. मूगडाळ-तांदूळ, मसाले मेलबर्नच्या भारतीय दुकानातून घ्या, इथून नेऊ नका. दिवाळीचा फराळ नेणारच असाल तर तिथे उतरताना भरायच्या प्रवेशाच्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' अशी खूण करा. सांगितलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त डबा जातो, लपवलं आणि सापडलं तर दंड जबर आहे. खव्याचे पेढे, दुधाची मिठाई घरीच ठेवा.

बुकिंग करताना तारीख बघा. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत, व्हिक्टोरियात सुट्टी असते, आणि शनिवारपासून जोडून लोक किनाऱ्यावर येतात. तो आठवडा सोडून मधले वार घ्या, खोल्याही स्वस्त पडतील.

दंड झालाच तर पावती लगेच येत नाही. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते, त्यासाठी आपली फी कार्डावर लावते, आणि मूळ दंड नंतर कळतो. म्हणून परतल्यावर महिना-दोन महिने ते कार्ड बंद करू नका, स्टेटमेंट बघत राहा, आणि परत करतानाची टाकी भरल्याची पावती तोवर जपून ठेवा.

शेवटचं, तुम्ही स्वतः चालवता की नाही ते लिहिलेलं नाही. चालवत असाल तर तुमचंही परमिट काढा आणि दुसरी चालक म्हणून करारात नाव घाला. नाव नसताना तुम्ही चालवलंत आणि काही झालं तर विमा हात वर करतो. वळणांचा भाग मिस्टरांना द्या. तिसऱ्या दिवशी कोलॅक ते जिलाँग हा सरळ, रुंद रस्ता आहे, दोन्हीकडे गाईंची कुरणं. तो तुम्ही घ्या, त्यांना मागे मुलाशेजारी झोपू द्या.